उविराचे रजिस्टर, सुरतेची पट्टी

काँगोच्या पूर्व सीमेवर, टांगानिका सरोवराच्या उत्तर टोकाला उविरा नावाचे शहर आहे. पाठीशी उंच डोंगर, समोर सरोवर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने वसलेली घरे. पलीकडच्या काठावर बुरुंडीचे बुजुम्बुरा. खोलीच्या बाबतीत हे सरोवर जगात दुसरे. एवढे पाणी दारात असून उविराच्या नळाला आज पाणी येईल की नाही, हे सकाळी उठल्यावर कुणी सांगू शकत नाही. वीज गेली, पंप थांबला, पावसाळ्यात पाणी फार गढूळ आले, की नळ कोरडे. मग बायका-मुले पिवळे प्लास्टिकचे कॅन घेऊन सरोवराकडे नाहीतर डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांकडे निघतात. त्याच पाण्यात धुणी होतात, अंघोळी होतात, आणि वरच्या वस्तीतली घाणही तिथेच उतरते.

कॉलरा या भागात गेली चार-पाच दशके मुक्कामाला आहे. स्वाहिलीत त्याला किपिंडुपिंडू म्हणतात. आपल्याकडे जशी पटकी येऊन गावे ओस पडायची, तसे इथे नसते. इथे तो वर्षभर असतो, कधी कमी, कधी जास्त. म्हणूनच उविराच्या रुग्णालयात कॉलरा उपचार केंद्र साथीपुरते तंबूत उघडत नाही, ते कायमचे आहे. केंद्रात एक रजिस्टर आहे. रुग्णाचे नाव, वय, वस्ती, दाखल झाल्याची तारीख. या लेखात मला जे सांगायचे आहे ते सगळे त्या रजिस्टरभोवती फिरते. त्यात 'कॉलरा' म्हणून नोंदलेल्या माणसांपैकी खरोखर कॉलरा किती जणांना होता?

मी सार्वजनिक आरोग्याच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली आहेत आणि आता हाच विषय शिकवते. विद्यार्थ्यांपुढे हे प्रकरण ठेवले की पहिला प्रतिसाद ठरलेला असतो: "मॅडम, रुग्ण बरा झाला ना? मग कॉलरा होता की आणखी काही, याने काय फरक पडतो?" प्रश्न रास्त आहे. त्या रुग्णापुरते त्याचे उत्तर 'काहीच फरक पडत नाही' असेच आहे, आणि ते आधी नीट समजून घ्यायला हवे.

कॉलऱ्याचा गंभीर रुग्ण तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके, त्यात रक्त नाही, विष्ठेचा वासही नाही. डोळे खोल जातात, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहते, मनगटावर नाडी लागत नाही. अशा पन्नास किलोच्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर आणि पुढच्या अडीच तासांत साडेतीन लिटर रिंगर लॅक्टेट हे सलाइन शिरेतून जायला हवे. हे वेळेत झाले तर शंभरात एकही दगावू नये. झाले नाही तर गंभीर रुग्णांपैकी निम्मे हातचे जातात. सलाइन लावण्याआधी कोणत्याही चाचणीची वाट पाहायची नसते. जुलाब कशानेही होत असोत, शरीरातून गेलेले पाणी परत भरायचे, हाच उपचार. चाचणीची पट्टी एकाही रुग्णाचा जीव थेट वाचवत नाही. तिचे काम वेगळे आहे.

पाणी बंद, रुग्ण वाढले

२०१५ मध्ये उविरावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि या क्षेत्रातल्या लोकांत त्याची बरीच चर्चा झाली. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांनी स्थानिक सहकाऱ्यांबरोबर दोन रजिस्टरे शेजारी ठेवली. एक उपचार केंद्राचे, दुसरे शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राचे, ज्यात रोज किती पाणी सोडले याची नोंद असते. २००९ ते २०१४ या काळातल्या नोंदी दिवसवार जुळवून पाहिल्या. ज्या दिवशी नळाला पाणी सुटले नाही, त्यानंतरच्या बारा दिवसांत केंद्रात दाखल होणाऱ्यांची संख्या, पुरेसे पाणी सुटलेल्या दिवसाच्या तुलनेत, १५५ टक्क्यांनी वाढलेली दिसली. एकूण दाखल रुग्णांपैकी सुमारे २३ टक्के अपुऱ्या पाणीपुरवठ्यामुळे आले असावेत, असा त्यांचा हिशेब होता.

मला हा अभ्यास फार आवडतो. त्यासाठी यंत्रे लागली नाहीत, महागडी रसायने लागली नाहीत. कारकुनाने रोज नेमाने भरलेली दोन रजिस्टरे लागली. पण त्यात एक कच्चा दुवा होता आणि लिहिणाऱ्यांनाही तो ठाऊक होता. केंद्रातले रुग्ण 'संशयित' होते. पाण्यासारखे जुलाब, म्हणून कॉलरा. नमुना घेऊन जिवाणू वाढवून पाहण्याची, म्हणजे कल्चरची, सोय उविरात नव्हती. देशाची मुख्य प्रयोगशाळा किन्शासाला, सरळ रेषेतही सुमारे दीड हजार किलोमीटर दूर.

पाण्यासारखे जुलाब फक्त कॉलऱ्याने होत नाहीत. रोटाव्हायरस आहे, ई. कोलायचा विष तयार करणारा प्रकार आहे, क्रिप्टोस्पोरिडियम आहे. लहान मुलांत तर ही इतर कारणेच जास्त. शिवाय साथ जाहीर झालेल्या भागात संशयिताची व्याख्या मुद्दामच सैल असते: कोणत्याही वयाच्या माणसाला पाण्यासारखे जुलाब झाले की संशयित. जीव वाचवायला ती सैलच हवी. मोजायला बसल्यावर मात्र तोच सैलपणा नडतो.

पट्टी

२०१६ पासून उविराच्या केंद्रात दाखल होणाऱ्यांची तपासणी जलद चाचणीने होऊ लागली. वापरली ती पट्टी 'क्रिस्टल व्हीसी' नावाची. मूळ संशोधन पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे. तिथल्या मंडळींनी तयार केलेली पट्टी २००३ च्या सुमारास मादागास्कर आणि बांगलादेशात तपासली गेली, आणि पुढे ती बाजारासाठी बनू लागली आपल्या शेजारी, सुरतेत. टांगानिकाच्या काठावर एखाद्या आफ्रिकी परिचारिकेच्या हातातली पट्टी सुरतेहून आलेली असू शकते, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा अभिमान वाटला, तो लपवत नाही.

पट्टी दिसायला गर्भधारणा तपासण्याच्या किंवा कोविडच्या घरगुती चाचणीसारखीच. तत्त्वही तेच. जिवाणूच्या बाहेरच्या आवरणात एक विशिष्ट साखरयुक्त मेद असतो, त्याला चिकटणारी प्रतिपिंडे पट्टीवर एका रेषेत बसवलेली असतात. छोट्या नळीत शौचाच्या पातळ नमुन्याचे चार थेंब, म्हणजे सुमारे २०० मायक्रोलिटर, घ्यायचे. पट्टी त्यात उभी सोडायची. गुलाबी-लालसर रंग कागदावरून वर चढताना दिसतो. पंधरा-वीस मिनिटांनी वाचायचे. वरची रेघ कंट्रोलची. ती उमटली नाही तर पट्टी बाद, बाकीच्या रेघांकडे बघायचेही नाही. खालच्या रेघांपैकी एक ओ-१ या प्रकाराची, दुसरी ओ-१३९ ची.

ओ-१३९ ची रेघ पट्टीवर का आली, यामागेही भारताचा इतिहास आहे. १९९२ च्या अखेरीस मद्रास आणि आसपासच्या भागात एका नव्याच प्रकारामुळे कॉलरा पसरला. तोवर साथ आणणारा कॉलरा म्हणजे ओ-१ अशी पक्की समजूत होती. नवा प्रकार बांगलादेशात पोचला, त्याला 'बंगाल' हे नाव पडले, आणि आठवी जागतिक साथ सुरू होते की काय अशी भीती पसरली. ती आली नाही. ओ-१३९ हळूहळू जवळजवळ नाहीसा झाला. रेघ मात्र अनेक पट्ट्यांवर राहिली. मला ती खटकते. आफ्रिकेतल्या कॉलऱ्यात तिचा उपयोग नाही आणि फिकट, पुसट रेघ उमटली की वाचणारा गोंधळतो. नंतर फक्त ओ-१ ओळखणाऱ्या पट्ट्याही निघाल्या, ते बरेच झाले.

उविरात पट्टी थेट शौचाच्या नमुन्यात बुडवत नसत. गुदद्वारातून घेतलेला कापसाचा बोळा आधी अल्कलाइन पेप्टोन वॉटरच्या नळीत टाकायचा आणि सहा तास उबेत ठेवायचा. हे द्रावण क्षारधर्मी असते. आतड्यातले बहुतेक इतर जिवाणू त्यात रेंगाळतात, कॉलऱ्याचा जिवाणू मात्र भराभर वाढतो. सहा तासांनी त्याची संख्या पुरेशी झाली की पट्टी बुडवायची. 'जलद' चाचणीला असे सहा तास जोडले की ऐकणारा विचारतो, मग जलद कसली? पण या सहा तासांत पट्टीची अचूकता सुधारते. थेट नमुन्यात खोट्या रेघांचे प्रमाण जास्त राहते, वाढवलेल्या नमुन्यात कमी. उपचार तर आधीच सुरू झालेला असतो, त्यामुळे सहा तास गेले म्हणून रुग्णाचे काही बिघडत नाही. मोजणी मात्र सुधारते.

इथे एक आठवण सांगते, आपल्याकडची. एका ग्रामीण रुग्णालयात पावसाळ्याच्या दिवसांत एक मध्यमवयीन शेतमजूर बाई दाखल झाली. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, आवाज बसलेला, हातापायाची बोटे सुरकुतलेली. मी नमुना घेतला. शनिवार दुपार होती. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत सोमवारशिवाय कुणी घेणार नव्हते. नमुना वाटेत टिकवणारे द्रावण संपलेले होते, म्हणून नमुना साध्या बाटलीतच राहिला. तोवर बाईला प्रतिजैविकही सुरू झाले होते. आठवड्याने उत्तर आले: कॉलऱ्याचा जिवाणू आढळला नाही. रजिस्टरमध्ये 'गॅस्ट्रो' लिहिले गेले. बाई बरी होऊन घरी गेली होती. पण त्याच वाडीतून पुढच्या दहा दिवसांत आणखी चार जण तशाच अवस्थेत आले आणि तोवर वाडीच्या विहिरीकडे कुणी फिरकले नव्हते. त्या नमुन्यात जिवाणू होता की नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. दोन दिवस साध्या बाटलीत पडलेला नमुना मुका होतो, एवढे मात्र मला ठाऊक होते, आणि तरीही कागदावर 'नाही' असेच गेले. आमच्याकडे त्या शनिवारी एक पट्टी असती तर वीस मिनिटांत निदान विहिरीकडे जायला कारण मिळाले असते.

म्हणून कल्चर हाच शेवटचा शब्द, असे मानणाऱ्यांशी माझे पटत नाही. कल्चर हवेच, ते कशासाठी हेही पुढे सांगते. पण रुग्णाने आधीच गोळी घेतली असेल, जिवाणूला खाणारे विषाणू नमुन्यात असतील, वाटेत दोन दिवस गेले असतील, तर कल्चरही चुकते.

दहांतले चार

उविरात पट्टीने काय दाखवले? केंद्रात कॉलरा म्हणून दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांची चाचणी होकारार्थी निघाली, ढोबळमानाने दहांत चार. बाकीच्या सहांना जुलाब होते, पाणी कमी झाले होते, उपचाराची गरज होती. पण कॉलरा नव्हता.

हे फक्त उविराचे नाही. २०२३ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज असा आहे की जगभर संशयित म्हणून नोंदलेल्यांपैकी साधारण ५२ टक्केच खरे कॉलऱ्याचे रुग्ण असतात, आणि जागेजागेला हा आकडा खूप हलतो. म्हणजे दोन जिल्ह्यांत प्रत्येकी हजार संशयित नोंदले गेले तरी एकात खरे आठशे आणि दुसऱ्यात दोनशे असू शकतात. नकाशावर दोन्ही ठिपके सारखेच लाल.

आता विद्यार्थ्यांच्या प्रश्नाकडे येते, काय फरक पडतो. फळ्यावर मी एक हिशेब मांडते, आकडे समजण्यासाठी घेतलेले. समजा दोन वस्त्या, लोकसंख्या सारखी. पहिलीत कुणालाच लस नाही. तिथून केंद्रात शंभर रुग्ण आले: चाळीस कॉलऱ्याचे, साठ इतर जुलाबांचे. दुसऱ्या वस्तीत सगळ्यांना लस दिली आणि लस कॉलऱ्याचे निम्मे रुग्ण टाळते. तिथून किती येतील? कॉलऱ्याचे वीस. इतर जुलाबांवर ही लस चालत नाही, ते साठच. एकूण ऐंशी. रजिस्टर बघणारा म्हणेल, शंभराचे ऐंशी झाले, लसीने वीस टक्केच फायदा झाला, एवढा खर्च कशाला? लस प्रत्यक्षात पन्नास टक्के काम करते आहे. तिचा निम्म्याहून जास्त गुण रजिस्टरनेच गिळला.

नळाच्या बाबतीतही हेच. नवी जलवाहिनी टाकली, सार्वजनिक नळकोंडाळी बांधली, आणि कॉलरा खरोखर कमी झाला, पण रजिस्टरमध्ये इतर जुलाबांची गर्दी असेल तर घट डोळ्यांत भरत नाही. पैसे देणारा विचारतो, परिणाम कुठे आहे? उविरात पाणीपुरवठा सुधारण्याचे मोठे काम हाती घेतले गेले, शहराचे १६ भाग पाडून एकेका भागात टप्प्याटप्प्याने, म्हणजे फरक नीट मोजता यावा. पट्टीने पक्के झालेले रुग्ण मोजायचे ठरले ते याच कारणाने. मग एप्रिल २०२० मध्ये अतिवृष्टीने मुलोंग्वे नदी फुगून शहरात घुसली, माणसे गेली, हजारो घरे पडली, पाण्याची यंत्रणाही मोडली. त्यात कोविड. कागदावर सुबक दिसणारी योजना जमिनीवर अशी विस्कटते. रुग्ण मात्र येत राहिले, आणि केंद्रातली माणसे बोळे घेत राहिली, नळ्या उबेत ठेवत राहिली.

त्या चिकाटीचे फळ लसीच्या अभ्यासात दिसले. पूर आल्यानंतर २०२० च्या उत्तरार्धात उविरात तोंडावाटे देण्याच्या लसीची मोहीम झाली. दोन मात्रा ठरल्या होत्या, पण अनेकांनी एकच घेतली. एकच मात्रा किती टिकते, हा प्रश्न त्यानंतर दोन वर्षांनी जगापुढे फार तातडीने उभा राहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक साठा इतका आटला की साथीच्या ठिकाणी दोनऐवजी एकच मात्रा द्यायचा निर्णय घ्यावा लागला. हैदराबादच्या शांता बायोटेकने बनवलेली लसही २०२३ अखेर बंद झाली आणि काही काळ साठ्याचा सगळा भार कोरियातल्या एकाच कंपनीवर राहिला. एका मात्रेने भागेल का, याचे उत्तर ज्या शहरात मिळू शकत होते त्यात उविरा होते, कारण तिथे लस घेतलेले लोक होते आणि खरा कॉलरा कोणता हे तपासण्याची सवयही होती. २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: एका मात्रेने लस घेतल्यापासून १२ ते १७ महिन्यांच्या काळात सुमारे ५३ टक्के आणि २४ ते ३६ महिन्यांच्या काळात सुमारे ४५ टक्के संरक्षण. तिसऱ्या वर्षात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये ते आणखी ओसरलेले दिसले.

नुसत्या संशयितांवर हा अभ्यास केला असता तर हे आकडे कितीतरी कमी दिसले असते. आणि त्या कमी आकड्यांवर विसंबून कुणीतरी म्हटले असते, एका मात्रेचा उपयोग नाही, मोहीम थांबवा. मला या शक्यतेची खरोखर भीती वाटते, कारण असे निर्णय घेणारी माणसे वाईट नसतात, त्यांच्यापुढचे रजिस्टर चुकीचे असते.

पट्टी फसवते तेव्हा

पट्टीचे कौतुक करताना तिचे दोष झाकणे बरे नव्हे. ती जिवाणू जिवंत हाती देत नाही, त्यामुळे कोणते औषध चालेल, कोणते निष्प्रभ झाले, हे तिच्यावरून कळत नाही. हा प्रकार कुठून आला, शेजारच्या देशातल्या साथीशी त्याचे नाते काय, तेही नाही. त्यासाठी कल्चर आणि जनुकीय तपासणीच लागते. पट्टी साधारण ४ ते ३० अंशांत ठेवायची असते. पत्र्याच्या छपराखालच्या कोठारात दुपारी किती तापते हे ज्याने अनुभवले आहे, त्याला या अटीचे वजन कळेल.

सगळ्यांत मोठा धोका शांत काळात असतो. पुन्हा समजण्यापुरता हिशेब घेऊ. साथ नसलेल्या जिल्ह्यात जुलाबाच्या दोनशे रुग्णांना पट्टी लावली. त्यांतले खरे कॉलऱ्याचे फक्त चार. पट्टी कॉलरा नसलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांना बरोबर 'नाही' म्हणते असे धरा. उरलेल्या १९६ पैकी वीसेक जणांवर खोटी रेघ उमटेल. हाती चोवीस होकारार्थी, त्यांत खरे चार. त्यावरून साथ जाहीर केली तर बाजार बंद, शाळा बंद, मासळी विकणाऱ्यांचे हाल, आणि जिथे खरी साथ आहे तिथली लस इकडे वळणार. भर साथीत मात्र तीच पट्टी, तितकीच अचूक, बहुतेक वेळा खरे बोलते, कारण आलेल्यांत खरे रुग्णच जास्त असतात. पट्टी बदलत नाही. ती कुणापुढे धरली, त्यावर तिच्या शब्दाचे मोल ठरते. हे गणित मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी वर्गात दोन-तीन जण तरी पहिल्यांदा ते मानायला तयार नसतात.

म्हणून कॉलरा नियंत्रणाच्या जागतिक कृतिदलाने २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली त्यांत एका रेघेवर साथ ठरत नाही. चौदा दिवसांत तीन ते सात संशयितांची चाचणी झाली असेल तर निदान तीन होकारार्थी हवेत. आठ ते दहा झाली असेल तर चार. तेव्हा 'संभाव्य साथ' म्हणायचे आणि नमुने कल्चर किंवा पीसीआरला पाठवून खात्री करायची. साथ नाही तिथे प्रत्येक संशयिताला पट्टी, होकारार्थी प्रत्येक नमुना प्रयोगशाळेला. मात्र तिथे संशयिताची व्याख्या आवळलेली: दोन वर्षे किंवा त्याहून मोठा, पाण्यासारखे जुलाब आणि शरीरातले पाणी धोकादायक प्रमाणात घटलेले. साथ सुरू असेल तिथे सगळ्यांना पट्टी लावत बसायचे नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले की 'गॅस्ट्रोची लागण' हे शब्द हमखास असतात. गॅस्ट्रो या एका शब्दात आपण कॉलरा, रोटा, शिळे अन्न, सगळे कोंबतो. उविरात संशयित कॉलरा होता आणि पट्टीने त्याचा आकडा कमी केला. आपल्याकडे उलट होण्याची शक्यता जास्त, गॅस्ट्रोच्या आड कॉलरा लपण्याची. जुलै २०२२ मध्ये मेळघाटात, चिखलदरा तालुक्यातल्या गावांत विहिरीच्या पाण्यातून कॉलरा पसरला आणि माणसे दगावली, तेव्हा कुठे 'कॉलरा' हा शब्द पुन्हा बातम्यांत आला. गावात ब्लिचिंग पावडर टाकली का, पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओ. टी. चाचणी झाली का, हे आपण विचारतो, आणि ते विचारायलाच हवे. पहिल्या तीन रुग्णांना पट्टी लावली का, हे मात्र ग्रामसभेत कुणी विचारल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

५ एप्रिल २०२४ रोजी 'गावी' या जागतिक लस आघाडीच्या पैशांतून आणि युनिसेफमार्फत खरेदी केलेल्या चाचण्यांची पहिली खेप मलावीत उतरली. चौदा देशांना मिळून बारा लाखांहून अधिक चाचण्या जायच्या होत्या. मलावी आधीच्या दोन वर्षांत देशाच्या इतिहासातल्या सगळ्यांत मोठ्या साथीतून गेला होता, सुमारे ५९,००० रुग्ण आणि सतराशेहून अधिक मृत्यू. बारा लाख हा आकडा मोठा वाटतो. चौदा देशांतल्या आरोग्य केंद्रांत वाटला की प्रत्येक केंद्राच्या वाट्याला काही डबे. म्हणून साथीच्या ठिकाणी नियम असा, की केंद्रात रोज येणाऱ्या पहिल्या तीन संशयितांना पट्टी. चौथा रुग्ण येतो तेव्हा परिचारिका डब्याकडे बघत नाही. ती त्याला भोक पाडलेल्या खाटेवर झोपवते, खाली बादली सरकवते, हाताची शीर शोधते आणि रिंगरची पिशवी पूर्ण वेगाने सोडते. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढचा चाचणीचा रकाना रिकामा राहतो. आधीच्या तिघांचे रकाने भरलेले असतात.